कॅसेटचाचांचा चालू कॅमेरा

कॅसेटचाचा लग्न थांबवत असत. मंगलाष्टकं ऐन रंगात आली, की हात वर करून सांगत, "महाराज, दम घ्या. कॅसेट बदलून राहिलो." भटजी दम घेत, वऱ्हाडी मुठीतल्या अक्षता सांभाळत उभे राहत आणि नवरदेव अंतरपाटावरून डोकावून घेई. तेल्हाऱ्यात कोणी कधी तक्रार केली नाही. शूटिंग हुकलं तर लग्न झालं कशावरून, असं लोकांचं म्हणणं होतं.

माझं दुकान त्यांच्या भिंतीला लागून. कॅमेरे दोघांचेही एचडी. त्यांचा कॅसेटवर रेकॉर्ड करी, माझा हार्ड डिस्कवर. माझ्यात अख्खं लग्न मावे आणि माझं जेवण होईतो कॉम्प्युटरवर उतरे. चाचांची तासाची कॅसेट उतरायला तासच लागे. वर कॅमेऱ्यातला पट्टी वाचणारा हेड उन्हाळ्याच्या धुळीनं भरला, की नवरीच्या तोंडावर चौकोन उमटत. हे मी ऐकवलं की ते विचारत, "आन् तुह्या डब्यात मागच्या सालचं लग्न हाय का?" नसायचंच. डिस्क रिकामी केल्याशिवाय पुढचं लग्न कुठे भरणार? शिवाय डीजेच्या दणक्यानं माझा कॅमेरा बंद पडतो, हेही त्यांनी हेरून ठेवलं होतं. चाचांनी मात्र कॅसेट कधी पुसली नाही. कपाट भरलं तेव्हा त्यांनी दुसरं कपाट घेतलं.

आणखी एक खोड म्हणजे ते कॅमेरा बंदच करत नसत. "बंद-चालू केलं का पट्टीले झटका बसते." त्यामुळे त्यांच्या लग्नांत चपला, पातेली, रुसलेले जावई असं सगळं येई. मी पोट धरून हसत असे.

त्या वर्षांत आमच्या कापसाच्या तालुक्यात तरणी माणसं जात होती. माणूस गेला की घरचे आमच्याकडे फोटो शोधत येत. अशीच एक म्हातारी चाचांकडे आली. पोळ्यानंतर तिच्या मुलानं औषध घेतलं होतं. मतदानाच्या कार्डावर त्याचा फोटो होता, पण त्यात तो कोणीही वाटला असता. "मले थो चालता-बोलता पाहाचा हाय, भाई," ती म्हणाली. त्याच्या स्वतःच्या लग्नाचं शूटिंग झालं नव्हतं.

चाचांनी विचारलं, "कोनाच्या लग्नात वाढाले होता का?"

"गावात कोनाच्या नव्हता?"

चाचा त्या गावच्या कॅसेटी काढून बसले. पळवल्या तर माणूस हुकते म्हणून तासाची कॅसेट तासभर पाहत. शेवटी तो सापडला. बुंदीची बादली घेऊन पंगतीतून हसत फिरत होता. "घ्या मामा, लाजू नोका!"

म्हातारी टीव्हीला नाक लावून पाहत राहिली. मला रडू आवरेना. मग तिनं विचारलं, "साऱ्याईले वाढून राहिला. थो जेवला का?"

चाचांनी कॅसेट पुढे जाऊ दिली. पंगती उठल्या, भांडी घासली गेली, कॅसेट संपली. तो जेवताना कुठेच दिसला नाही.

"जेवला, माय," चाचा म्हणाले. "शेवटच्या पंक्तीत. माह्या बाजूलेच बसला होता. दोनदा बुंदी घेतली त्यानं."

"मंग ठीक हाय," म्हणत तिनं पदरानं डोळे पुसले.

चाचा कोणाच्याच लग्नात जेवत नसत; चालू कॅमेरा कुठे ठेवणार? ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. इतकं चांगलं खोटं बोलणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.