जावयांनी घातलेला शर्ट

आमचे जावई लाँड्री चालवतात. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, त्यात ते, माझी लेक, नात आणि मी. सासू जावयाच्या घरी राहते म्हणून लोकांना काय बोलायचं ते बोलू देत. माणूस सोन्यासारखा आहे. जरा अति करतात, एवढंच.

दुकानाचा कायदा एकच: गिऱ्हाइकाचा कपडा आपल्या अंगाला लागता कामा नये. एकदा नातीने कुणाचा तरी लाल कोट खांद्यावर टाकून आरशासमोर गिरकी घेतली. जावई ओरडले नाहीत. कोट उतरवला, पुन्हा धुतला, वाळवला, इस्त्री केली, आणि तेवढा वेळ पोरीला समोर स्टुलावर बसवून ठेवलं. "लोक विश्वासाने देतात, त्यावर आपली चूल पेटते," म्हणाले. पोर मुसमुसत होती. मी म्हटलं, अहो, कोट होता की राजाचा मुकुट? पण ऐकतील तर ना!

तर त्या रविवारी सकाळीच लाइट गेली. तारा जळाल्या होत्या, संध्याकाळशिवाय काही येत नाही, वायरमन म्हणाला. इस्त्र्या थंड पडल्या. जावई दुकानात नुसत्या येरझाऱ्या घालत होते. नात म्हणाली, "बाबा, समुद्रावर जाऊ या ना!" बसने दोन तासांवर समुद्र, पण पोरीने तो चित्रातच पाहिलेला. रविवारी दुकान बंद ठेवतंय कोण? मला वाटलं, आता नेहमीचं 'पुढच्या वेळी' येणार. तर हे म्हणाले, "चला!" लेकीच्या हातातली ताटली पडायचीच बाकी होती. म्हटलं, बाई गं, यांचा विचार बदलायच्या आत निघा! अंडी उकडली, पाव गुंडाळले, नात तर दारात चपला घालून उभी.

आणि तिथे माशी शिंकली. जावयांचे होते नव्हते ते सगळे शर्ट पहाटेच मशीनमध्ये टाकलेले, आणि लाइट गेल्यामुळे मशीनचं दार उघडेना. काचेतून दिसत होते, साबणाच्या पाण्यात निवांत पडलेले. लेक हसून हसून बेजार. "लाँड्रीवाल्यालाच घालायला शर्ट नाही!" बनियनवरचे जावई ओशाळले, दुकानात गेले आणि बाहेर आले ते निळ्या बारीक रेघांचा शर्ट घालून. ठेवणीतला असेल, म्हटलं. बस सुटायची घाई, विचारतंय कोण.

बसमध्ये नातीने त्यांची बाही धरली. "बाबा, हा नर्सबाईंचा आहे ना?"

आता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. नर्सबाई म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्या, नोकरीतून निवृत्त झालेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. दर महिन्याला त्याचा हा एक शर्ट घेऊन येतात, नुसत्या इस्त्रीला, आणि घेऊन जातात. जावई खिडकीबाहेर बघत पुटपुटले, "तसा तो घालणारं तरी कोण आहे? उद्या स्वच्छ धुऊन ठेवतो." घ्या! लोका सांगे ब्रह्मज्ञान! मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात पोरीकडे लक्ष गेलं. ती बाही सोडून आईजवळ जाऊन बसली होती.

समुद्र दिसला तशी पोर सगळं विसरली. जावईही विसरले. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून तिच्याबरोबर लाटांमध्ये धावले, भिजले, घामाघूम झाले. या माणसाला मी इतकं मोठ्याने हसताना कधी ऐकलं नव्हतं. आम्ही वाळूत बसून अंडी सोलत होतो. जावई पाण्याकडे तोंड करून उभे होते, तेवढ्यात मागून हाक आली.

"अहो!"

परक्याला मारलेली हाक वेगळी आणि आपल्या माणसाला मारलेली वेगळी. मीही नवऱ्याला जन्मभर तीच मारली, मला कळायला वेळ लागत नाही. वळून पाहिलं तर नर्सबाई. हातात चपला, वाळूतून अक्षरशः धावत येत होत्या, मागून त्यांची तिथेच राहणारी भाची, "मावशी, अगं मावशी" करत. जावयांनी मान वळवली आणि बाई जागच्या जागी थांबल्या. त्यांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना.

"तुम्ही होय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं..." मग त्यांची नजर शर्टावर गेली.

तेव्हाच खरं सांगून टाकायचं ना! पण जावई म्हणाले, "असाच एक माझ्याकडेही आहे, बाई."

नर्सबाईंनी त्यांच्या खांद्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हो का? छान दिसतो. माझीच नजर आता दगा देते. माफ करा हं." आणि भाचीचा हात धरून गेल्या. चूक आमची, आणि माफी त्यांनी मागितली! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नात ओल्या फ्रॉकनिशी तिथेच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

परतताना बस अर्धी रिकामी होती, तरी जावई उभे. का, तर पाठीला सुरकुत्या पडू नयेत! माझा संताप संताप झाला. "बसा खाली," म्हटलं, "आता कशाची इस्त्री सांभाळताय?" तरी बसले नाहीत.

घरी आल्या आल्या त्यांनी तो शर्ट हाताने धुतला. मग वासावर समाधान होईना म्हणून पुन्हा धुतला. दुसऱ्या दिवशी अशी इस्त्री केली की तशी मी पाहिली नव्हती. मग नातीला म्हणाले, "तूही चल. काल खोटं ऐकलंस, आज खरं ऐक." मला म्हणाले, "आई, तुम्हीपण या. एकट्याने पाय उचलणार नाही माझा." माझा राग तिथेच निम्मा उतरला.

नर्सबाईंनी दार उघडलं. जावयांनी खाली बघूनच सांगितलं, "बाई, काल तो तुमचाच शर्ट होता. मी घातला, आणि वर खोटं बोललो. माझं चुकलं."

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "खांद्याचं रफू माझ्या हातचं आहे. जाऊ द्या. सांगायला आलात, पुष्कळ झालं."

जावयांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि शर्ट पुढे केला. "दोनदा धुतलाय. माझ्या घामाचा मागमूससुद्धा ठेवला नाही."

बाईंचा पुढे आलेला हात थांबला. "धुतलात?"

"हो. चांगला गरम पाण्यात."

त्यांनी शर्ट घेतला, कॉलर नाकाशी नेली आणि तशाच उभ्या राहिल्या. "मी कधीच धुतला नव्हता तो," हळूच म्हणाल्या. "इस्त्रीची वाफ लागली की कॉलरला यांच्या केसांच्या तेलाचा वास यायचा. दोन दिवस टिकायचा. तेवढ्यासाठी आणत होते मी."

नात जावयांकडे बघत होती, आणि ते कुणाकडेच बघू शकत नव्हते. शेवटी नर्सबाईंनीच शर्टाची घडी नीट केली आणि पुन्हा आमचीच समजूत काढली.

"छान स्वच्छ निघालाय हो," त्या म्हणाल्या.