बंद प्रोग्राममधली एक्केचाळीस नावं

तीस वर्षं बातम्यांच्या टेबलावर काढली. भुताखेतांच्या अनुभवांची पत्रं यायची, ती मी अर्धी वाचून बाजूला ठेवायचो. आजही माझं मत बदललेलं नाही. जे पाहिलं, तेवढंच लिहितो.

माझे मामा करमाडचे, वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या लहानपणी वस्तीतल्या लोकांनी स्वतः विहीर खोदली होती. त्यांच्यातले आता मामा एकटेच उरलेत. विहिरीच्या कठड्याला सगळ्यांच्या नावांची पाटी बसवायची ठरली, आणि ती सगळी नावं फक्त मामांना माहीत. म्हणून ते शहरात, छावणी भागातल्या माझ्या घरी आले. सकाळी दहाला मी लॅपटॉपवर बोललेलं टाइप करणारा प्रोग्राम लावला.

"किसनला सोडून चाळीस," मामांनी आधीच सांगितलं. किसन त्यांचा सख्खा भाऊ. दोघांचं बोलणं तुटलं, ते किसन वारला तरी जुळलं नाही. "त्याचं नाव मी घेणार नाय. तू बी घालू नको."

तेवीस नावांनंतर मामा दमले. बाकीची उद्या, म्हणाले. मी प्रोग्राम बंद केला. सेव्ह करायचं का, असं त्यानं विचारलं आणि मी 'नाही' दाबलं... वृत्तसंस्थांकडून आलेला मजकूर वाचून बंद करताना आयुष्यभर हेच दाबत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली.

"दादा, यादी तर आहे ना तुझ्याकडं?" त्यांची मुलगी रेखा हॉस्पिटलात म्हणाली. मी खरं ते सांगितलं. 

घरी येऊन शोधलं. फाइल नव्हती. पण चालू प्रोग्राम दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये तो बंद केलेला प्रोग्राम सहाशे एमबी मेमरी धरून होता. हे नवल नाही — खिडकी बंद झाली तरी काही प्रोग्राम मागे चालूच राहतात. नावं तिथंच अडकली असतील, या आशेनं मी लॅपटॉप चार्जरला लावून तसाच ठेवला.

सलग तीन दिवस, सकाळी दहाच्या सुमारास तो आकडा वाढू लागायचा आणि अकराला थांबायचा. माइक बंद होता. खोलीत मी एकटा, गप्प. मामा चार किलोमीटरवर, हॉस्पिटलच्या खाटेवर.

चौथ्या दिवशी आकडा हलला नाही. मी प्रोग्राम उघडला. न जतन केलेली फाइल सापडली आहे, असं तो म्हणाला. तेवीस नावं असती तर मी हे लिहिलंच नसतं. एक्केचाळीस होती. शेवटचं किसनचं.

करमाडला त्या-त्या घरी फोन करून मी एकेक नाव तपासलं; आपापल्या घरातलं नाव तेवढं प्रत्येकाला माहीत होतं. चूक एकही नव्हती. रेखा म्हणाली, "आबांनी काकांचं नाव घेतलंच नसतं, दादा. ते काढ."

मी काढलं नाही. मामांच्या खाटेशी बसून यादी वाचली. बरोबर असेल तर हात दाबा, म्हणालो. चाळीस वेळा त्यांनी दाबून सोडला. किसनचं नाव घेतल्यावर दाबला, तो सोडलाच नाही.

पाटीवर आता एक्केचाळीस नावं आहेत. तेव्हापासून प्रोग्राम बंद केला की मेमरी लगेच मोकळी होते. बातमी असती तर 'सूत्रांनी सांगितले' असं लिहून मी सुटलो असतो. इथं सूत्र कोण, ते मला अजून सांगता येत नाही.