टाळूवरचा हात

माझं तोंड वाईट आहे, हे लोकांनी मला तोंडावर सांगितलंय. शहरात, राजापेठेच्या गर्दीत वाढले, गाड्यांच्या हॉर्नवर आवाज चढवून बोलायची सवय तिथलीच. आरोग्यसेविका होऊन अकोल्याकडच्या खेड्यांत आले तरी ती गेली नाही. "नर्सबाई आली व!" अशी हाळी ऐकली की बाया आधी लेकरांची नाकं पुसतात. मला त्याचं काही वाटत नाही. लेकरं धडधाकट राहतात ना, मग झालं.

त्या उन्हाळ्यात डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळून मी एका माळ्याच्या घरी गेले. भाजी पिकवून विकणारं घर. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ दीड महिन्याचं. दारातूनच पाहते तर बाळाची आजी त्याला वाटीतलं पाणी चमच्यानं पाजत होती.

"आजी! सहा महिने पाण्याचा थेंब नाही, सांगितलं होतं ना?"

"येवढं ऊन तापून रायलं. तुले तहान लागते, लेकराले नाही लागत काय?"

"आईच्या दुधातच पाणी असते. तहान लागली की छातीशी घ्यायचं. या वाटीनं जुलाब लागतील!"

"म्या पाच लेकरं वाढवली, बाई. तू नको शिकवू." आणि तिनं वाटी पदराखाली घेतली.

तो पदर पाहिला आणि मी खाली बसले. भांडणात मी कोणाला ऐकत नाही, पण पदराखाली गेलेली वाटी मी गेल्यावर पुन्हा बाहेर येणार, एवढं मला कळतं. लेक बिचारी दोघींकडे आळीपाळीनं बघत होती.

मग आजीनं तेल घेतलं आणि बाळाची टाळू भरायला बसली. इतका हलका हात! तळहात टेकवून क्षणभर थांबली, म्हणाली, "भरली हाय. खोल नाही गेली."

मला तिथंच सुचलं. अंगातलं पाणी आटलं की बाळाची टाळू खोल जाते, हे तिच्या हाताला माहीत होतं. "आजी, पैज लावता? पाणी बंद करायचं. टाळू सकाळ-संध्याकाळ तुमीच पाहायची. भरलेली राहिली तर माझं खरं. खोल गेली तर तेल जिरवत बसायचं नाही, लपवायचं नाही, त्याच घडीला मला फोन करायचा. मी धावत येऊन तुमच्या पाया पडेन."

"आन् शिव्या देशीन."

"त्या तर देईनच!"

लेक फिसकन हसली. आजीनं वाटीतलं पाणी तुळशीत ओतलं. त्यानंतर मी त्या रस्त्यानं गेले की ती अंगणातूनच ओरडायची, "भरली हाय व!" जरा चिडूनच, हरत असल्यासारखी. मला मोठी मजा वाटायची.

एका दुपारी फोन आला. "बाई, टाळू गेली." आजी होती. "काल लाइन नव्हती, कूलर बंद. लेकरू रडू रडू लाल झालं, माह्यानं पाहावलं नाही. माठातलं पाणी पाजलं. सकाळपासून जुलाब हायेत. शिव्या मंग दे. पहिले ये."

मी तशीच गाडीला किक मारली, निघता निघता अँब्युलन्स बोलावली. बाळाचे डोळे खोल गेले होते. पोटाच्या कातडीची चिमूट घेतली, ती हळूहळू परत बसली, म्हणजे अंगातलं पाणी आटलेलं. भीती वाटली मला. खोटं कशाला बोलू? अँब्युलन्समध्ये आई त्याला पाजत होती, मी चमच्यानं मीठ-साखरेचं औषध देत होते आणि आजीनं त्याच्या डोक्यावरचा तळहात अकोल्यापर्यंत उचलला नाही. मध्येच म्हणायची, "अजून खोलच हाय."

"वेळेवर आणलं. संध्याकाळ झाली असती तर अवघड होतं," डॉक्टर म्हणाले. त्या पहिल्या दिवशी मी आजीला शब्दांनी झोडपून काढलं असतं, तर ही संध्याकाळ झालीच असती. तेल जिरवत, देवाचं नाव घेत, मला चोरून.

बाळाला घरी सोडलं त्या दिवशी आजी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाळाला घेऊन उभी होती. मला पाहिलं आणि ताठ झाली.

"दे आता शिव्या."

मी आधी बाळाच्या टाळूवर हात ठेवला. भरलेली होती, हाताखाली उडत होती. आणि सगळ्या लोकांसमोर वाकून मी आजीचे पाय धरले.

"काहून व बह्याड, येडी झाली काय! पाणी तं म्या पाजलं. पैज म्या हारली!"

"फोनबी तुमीच केला," मी म्हणाले. ती पाय मागे ओढत होती. मी सोडले नाहीत.