तेलातलं कुंकू

मोटारींच्या कारखान्यात हयात घालवून निवृत्त झालेले गुरुनाथ जगदाळे एका रविवारी बंदूक घेऊन घरी आले, तेव्हा अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या मराठी मंडळींनी तोंडात बोटं घातली. माणूस असा, की तळघरात उंदीर शिरला तरी त्याला पिंजऱ्यात धरून लांब झाडीत सोडून यायचा. शोभनाताईंनी तर कपाळाला हात लावला.

"अहो, रिटायर झाल्यावर लोक गोल्फ खेळतात हो!"

बंदूक महायुद्धातली होती, थ्री-नॉट-थ्री. गुरुनाथरावांचे वडील मराठा पलटणीतून इटलीत लढले ते अशाच रायफलीनं. जुन्या हत्यारांच्या बाजारात ती दिसली तेव्हा तिची दशा बघवत नव्हती. हरणांच्या शिकारीला हलकी व्हावी म्हणून कुणा शहाण्यानं नळीखालचं पुढचं लाकूड करवतीनं उडवलं होतं आणि उरलेल्यावर चकचकीत वार्निश थापलं होतं.

वडील लढाईबद्दल बोलत नसत. कॉलेजात असताना गुरुनाथनं एकदा हट्टानं विचारलं, तर म्हणाले, "थंडी लई होती." संपली लढाई. पुढे मुलगा मिशिगनला आला, दारातला बर्फ उपसू लागला, फोनवर थंडीचं गाऱ्हाणं सांगू लागला. वडील नुसते हसायचे. एकदा त्यांच्याजवळ बसून सगळं ऐकायचं, हे दर वर्षी पुढच्या सुट्टीवर ढकललं गेलं, आणि मग वडीलच गेले. ती ऐकायची भूक काही मेली नाही. ते बोलले नाहीत ते नाहीच. पण निदान त्यांच्या हातात काय होतं, ते तरी आपल्या हातात यावं, एवढीच या माणसाची आस होती.

दोन हिवाळे ते गराजमध्ये राबले. त्याच काळातलं अख्खं लाकूड हुडकलं. पॉलिश पेपरला हात लावला नाही, कारण त्यानं सैनिकांच्या हातांच्या खुणा गेल्या असत्या. खोल पोचे तेवढे ओलं फडकं ठेवून वर इस्त्री फिरवून, वाफेनं उचलले. ती इस्त्री शोभनाताईंची, त्यामुळे व्हायची ती बोलाचाली झालीच. मग तळव्यानं जवसाचं तेल मुरवत बसले. तो वास थेट गावच्या घाण्याचा होता.

शेवटी एकच जागा रिकामी उरली. दस्त्याच्या बुडाशी पितळी झाकणाखाली एक पोकळी असते. सैनिकाची तेलाची छोटी बाटली तिथे राहते. वडिलांची तशी पितळी बाटली गुरुनाथरावांनी जपून ठेवली होती. तिचं फिरकीचं झाकण इतकं घट्ट बसलेलं, की गावाहून आणल्यापासून ते कुणी उघडलं नव्हतं. दसऱ्याला बाटली तिच्या जागी ठेवायची, की काम पुरं, असं त्यांनी ठरवलं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. शस्त्रांच्या पूजेचा दिवस. पाटावर लाल कापड अंथरून रायफल मांडली, शेजारी ती बाटली. कुंकू पाण्यात कालवून गुरुनाथरावांनी नळीला आणि खटक्याला बोटं लावली, धुतलेली शेवंती वाहिली. ॲन आर्बरहून मुलगा शंतनू फोनवर बघत होता.

"बाबा, इट लुक्स न्यू!"

"न्यू नाही रे. होती तशी जुनी."

आता उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. दसऱ्याच्या सकाळी गुरुनाथरावांनी फुलं उचलली. ओल्या कुंकवाखाली, फुलांखाली, लोखंड तांबूस गंजलं होतं. जन्मभर लोखंडात काम केलेला माणूस, आणि देवाच्या नावानं स्वतःच्या हातानं पाणी लावून बसला!

"पुसा ना, जाईल," शोभनाताई हळूच म्हणाल्या.

गुरुनाथरावांनी बाटली हातात घेतली. निदान बाटली तरी नीट बसवावी, उरलंसुरलं जुनं तेल दस्त्यात सांडण्याआधी ओतून टाकावं, म्हणून त्यांनी झाकण हेअर ड्रायरनं तापवून जोर लावला. ते फिरलं. झाकणाला आतून एक चिमुकला पितळी चमचा होता. चमच्यावर लाल थर वाळला होता.

कुंकू!

आणि गावचं माजघर डोळ्यांपुढे उभं राहिलं. खंडेनवमीला पाटावर विळा, कोयता मांडलेला. आई वाटीत पाणी घालणार, तोच वडील वाटी ओढून घेत, या चमच्यानं तेलाचा थेंब कुंकवात टाकत आणि मगच बोट लावत. "जगाला पाण्यातलं चालतंय, ह्यास्नी तेलातलं लागतंय!" आई करवादायची. पोरं हसायची. वडील पुढच्या हत्याराला बोट लावायचे.

"शोभना, बाबा दर वर्षी दाखवत होते गं," गुरुनाथराव म्हणाले. "लोखंडाला पाणी लावू नये म्हणून. एवढं तरी त्यांनी मला पलटणीतलं सांगितलं होतं."

गंज त्यांनी तेलानं हळूहळू पुसून काढला. कुंकू तेलात कालवून पुन्हा बोट लावलं. बाटली दस्त्यात सरकवली, झाकण लावलं. मग रिकामी रायफल उचलून, वडील धरत असतील तशी, खांद्याला लावली. दस्ता गार होता. गालाला लागला तशा त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"बाबा," त्यांनी विचारलं, "किती थंडी होती हो?"