नाचाच्या मशीनचा डावा बाण

मामाजींनी जत्रेतला पाळणा विकून नाचाची मशीन आणली तेव्हा माय म्हणाली, "माया भावाचं डोस्कं फिरलं." दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. लोक जिलेबी खातात, पाळण्यात बसतात आणि पोरापोरींच्या सोयरिकी जुळवतात. चार बाणांवर उड्या मारायला कोण येणार, असं मायचं म्हणणं. आले की सगळे. मामाजींचा छोटा हत्ती टेम्पो मशीन घेऊन एका मंडईतून दुसऱ्या मंडईत फिरायला लागला, आणि ड्रायव्हरशेजारी मी. कारण ती मशीन माझ्याशिवाय कोणाचं ऐकत नव्हती.

नागपूरच्या एका बंद पडलेल्या गेम पार्लरमधली ती मशीन. लोक तिच्यावर चढताना चपला काढायचे, इतकी चमकायची. पोटात मात्र साधा कॉम्प्युटर. पायाखाली काचेसारखे चार जाड चौकोन, पुढं, मागं, डावा, उजवा. प्रत्येकाच्या कडांना पातळ पट्ट्या, पाय पडला की दाब ओळखणाऱ्या. त्यांच्या तारा मागच्या दारातल्या एका कार्डात जातात, चार प्लग एका ओळीत. कार्ड कॉम्प्युटरला सांगतं, बाईचा उजवा पडला. बस, एवढंच.

तिचा मूळचा स्क्रीन रस्त्यातच फुटला. मामाजींनी घरचा टीव्ही बसवला. तो टीव्ही भारी शहाणा, चित्र दाखवायच्या आधी जरासा विचार करायचा. गाणं पुढं, बाण मागं. लोक बाण पाहून बरोबर पाय टाकायचे आणि मशीन म्हणायची चुकलं. मामाजी म्हणाले, "लोकायले नाचताच येत नाही." मी सेटिंगमध्ये जाऊन गाणं टीव्हीच्या चालीवर आणलं, तेव्हा कुठं लोकांना नाचता यायला लागलं. तेव्हापासून मामाजी मला इंजिनीयर म्हणतात. मी नुसती आयटीआय.

अर्जुनी मोरगावला माझं टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्याच्यावरच सगळं अडलं होतं. एका वकिलाच्या घरून मागणी आली होती. घर चांगलं, धानाची जमीन मोठी, पण सुनेनं तारा हातात घेतलेल्या त्यांना चालणार नव्हत्या. बाबूजींनी सांगून टाकलं, "या मंडया सरेपर्यंत पाहून घे. नाही तं त्या वकिलाकडं हो म्हणतो." मला नवरा नको होता असं नाही. दुकान सोडायला लावणारा नको होता. आणि हे पोरांना तोंडावर विचारलं की सगळेच म्हणतात, करा ना जी दुकान, कोण नाही म्हणते.

म्हणून मी विचारणंच बंद केलं. पाहुणे पोहे खायला घरी येण्याऐवजी मंडईत "सहज" भेटायचे, तर मी पोराला म्हणायची, खेळून तर पाहा. आणि तो चढायच्या आधी मागच्या दारातून डाव्या बाणाचा प्लग ढिला करून ठेवायची. डावा पाय कितीही आपटा, मशीन बहिरी. आपलं कोणी ऐकत नाही म्हटल्यावर माणूस काय करतो, हे मला पाहायचं होतं. मला लई मजा यायची, खोटं कायले बोलू.

पहिल्यानं मशीनला लाथ घातली आणि म्हणाला, "मशीन बिघडली हाये." गेला. दुसरा मामाजींवर ओरडला, डबडं कायले आणलं म्हणून. तोही गेला. माय कपाळाला हात लावून बसली. मंडया सरत आल्या होत्या आणि वकिलाच्या घरचे रोज फोन करत होते. आतून मी घाबरले होते, पण हसू काही आवरत नव्हतं.

शेवटची केशोरीची मंडई. तिसरा आला, आईला घेऊन. बँकेत कारकून, जरासा ढेरपोट्या. चपला काढून चढला आणि डाव्या बाणानं त्याची पार फजिती केली. लोक हसले, तोही हसला. उतरला आणि म्हणाला, "माये पायच वाकडे दिसते." मला तो आवडला, तेव्हाच. तेवढ्यात त्याच्या मायनं मला बाजूला बोलावलं आणि चिवडा हातावर ठेवून घरची चौकशी सुरू केली. सोडता सोडेना. तेवढ्या वेळात हा पोरगा मशीनच्या मागं काय करून राहिला ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

परत आले तर हा सगळ्यांसमोर म्हणतो, "आता तुमी खेळून दाखवा जी."

डावा तर मीच ढिला केलेला. मी म्हटलं, थांबा, जनरेटरची तार पाहते. मागच्या दारातून हात घातला, न पाहता बोटानं ढिला प्लग चाचपला आणि घट्ट दाबला. झालं. पदर खोचून चढले. बाबूजी समोर, माय समोर, अख्खी केशोरी समोर.

गाणं सुरू झालं. डावा पाय टाकला, चूक. उजवा टाकला, चूक. डाव्यावर पाय ठेवला की उजवा बाण पेटायचा, उजव्यावर ठेवला की डावा. माझ्या पायांची गाठ झाली आणि मी मशीनवरच बसकण मारली. लोक लोटपोट. आणि माझ्या तोंडून निघालं, "मशीन बिघडली हाये."

तो गंभीर तोंड करून म्हणाला, "असं का जी? मले तं वाटलं फक्त मायेच पाय वाकडे हायेत."

मागं जाऊन पाहिलं. डाव्याची तार उजव्याच्या खाचेत बसवलेली, आणि उजव्याची डाव्याच्या खाचेत ढिली अडकवून ठेवलेली. घट्ट दाबून त्याची खोडी पुरी करायचं काम मी माझ्याच बोटानं केलं होतं. मला राग आला, खूप आला, आणि त्याच्याहून जास्त हसू आलं.

तो शेजारी येऊन उभा राहिला. "बाकीच्या प्लगावर धूळ हाये, एकच रोज पुसल्यावाणी चमकून राहिला होता. किती पोरं पडली त्याच्यानं?"

मी सरळ म्हटलं, "लग्न झालं तरी मी दुकान सोडणार नाही."

"सोडा म्हणलं कोणं?" तो म्हणाला. "मंग सुधारन कोण? मले तं नुसतं बिघडवता येते."

मी दोन्ही तारा जागेवर लावल्या, दार बंद केलं आणि बाबूजींना जाऊन सांगितलं की वकिलाच्या घरी नाही म्हणून कळवा.