दर्या थंड पडला तेव्हा

सेबेस्टियन माझा सख्खा थोरला भाऊ, म्हणून मी त्याच्याबद्दल गोड बोलेन असं समजू नका. अख्ख्या पाचूबंदराला शिकवायला निघालेला माणूस तो. शाळा सातवीतच सोडलेली. पण दर्याचा अभ्यास करणाऱ्या एक मॅडम त्याच्या बोटीवर दोरीला बांधलेला थर्मामीटर ठेवून गेल्या आणि बोट हाकणारा आमचा तांडेल प्रोफेसर झाला. दर फेरीला वरच्या पाण्याचं माप, मग दहा वाव, म्हणजे साठ फूट, खालच्या पाण्याचं. मी मासळीची पाटी घेऊन बाजाराला निघाले की हा मला अडवून आकडे सांगणार.

वादळ गरम पाण्यावर पोसतं, हे त्याने मला पन्नासदा सांगितलं असेल. जाता जाता ते दर्या असा घुसळतं की खालचं गार पाणी वर येतं. मागून दुसरं वादळ त्याच वाटेने आलं तर त्याला खायला काही उरत नाही. "मार्गारेट, गार पान्यावर वादल उपाशी मरतं," म्हणायचा. मी म्हणायचे, "बरं बाबा, तू तरी जेवून घे."

गुडघे गेले तशी त्याने बोट ग्लेनच्या हाती दिली. ग्लेन त्याचा एकुलता एक, सत्तावीस वर्षांचा, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. त्या ऑक्टोबरात एक वादळ लांबून गेलं आणि आठवड्याने बोटी सुटल्या. ग्लेनने वायरलेसवर माप कळवलं. आधी वर तीस अंश असायचं. आता वर सत्तावीस आणि दहा वाव खालीही सत्तावीस. पाणी पार ढवळून एक झालं होतं. खालच्या पाण्याबरोबर मासळीचं खाणंही वर आलेलं, त्यामुळे मासळी उदंड लागत होती.

तिसऱ्या दिवशी त्याच वाटेने येणाऱ्या दुसऱ्या वादळाची खबर आली. बोटी बंदराकडे फिरल्या. वायरलेसवर ग्लेनचा आवाज आला, "पप्पा, जाल्यात घोल लागलीय. सगले फिरतायत. मी पन येऊ का?"

घोल म्हणजे सोन्याच्या भावाची मासळी. मी तिथेच बसले होते, शेजारी ग्लेनची बायको प्रियल. सेबेस्टियन आमच्याकडे बघून म्हणाला, "दर्या थंड हाय. वादलाला जोर नाय राहनार." मग ग्लेनला सांगितलं, "जाली उचलून ये."

आणि झालंही तसंच. गार पाण्यावर येऊन वादळ खचलं. टीव्हीवर सांगितलं, जोर ओसरला, किनाऱ्याला धोका नाही. आमच्या परसातली केळसुद्धा आडवी झाली नाही. पण जाळी उचलण्यात एकट्या मागे राहिलेल्या एवढ्याशा बोटीला मरतं वादळही पुरतं. दोघे खलाशी फळी धरून तरंगताना डहाणूच्या बोटीला सापडले. ग्लेन सापडला नाही. त्या पोराला मी न्हाऊमाखू घातलेलं. काळीज फाटलं माझं, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

मातीला द्यायला काही नव्हतं, चर्चमध्ये नुसती मिस्सा झाली. मॅडम आल्या, रडल्या, म्हणाल्या की तुमचं माप अचूक होतं. झालं. वर्षभर हा तेच घेऊन बसला. येईल त्याला सांगायचा, माप बरोबर होतं. एकदा मी तडकलेच. म्हटलं, आग लागो तुझ्या मापाला.

वर्षाची मिस्सा झाली आणि प्रियल कायमची नंदाखालला माहेरी जायला निघाली. जाताना त्याच्यासमोर बसली.

"पप्पा, त्यांनी 'येऊ का' विचारलं तेव्हा तुम्ही नुसतं 'ये' का नाही म्हणालात?"

मला वाटलं, आता पुन्हा आकडे.

"घोल सोडवेना, पोरी," तो म्हणाला. "तेवढंच डोक्यात होतं. पानी थंड हाय ते तुमच्या समाधानाला बोललो."

प्रियलने बॅग उचलली. तो गुडघे धरत तिच्यामागे रिक्षापर्यंत गेला. म्हणत होता, "एक शिवी तरी दे गं मला." तिने दिली नाही. मी चांगल्या दहा दिल्या असत्या, पण त्याला माझ्या नको होत्या.