तिसरं माप

चाळीस वर्षांत मास्तरांच्या कात्रीखाली एकही कापड वाया गेलं नव्हतं. माप तीनदा घेतल्याशिवाय कात्री लावायची नाही, हा त्यांचा खाक्या. गिऱ्हाईक वैतागायचं, मास्तर पुन्हा टेप पाठीला लावायचे, आणि शेजारी काजं करत बसलेल्या मास्तरीणबाई हसू दाबायच्या.

खोकला हटेना म्हणून तपासण्या केल्या, तर फुप्फुसात सुपारीएवढी गाठ निघाली. कॅन्सरच होता. तरी सर्जन म्हणाले, "नशीब समजा. अजून पसरलेला नाही. तेवढा भाग काढून टाकू. पुढच्या आठवड्यात या."

"आधी कच्ची शिलाई घालून बघता येत नाही ना?" मास्तरांनी विचारलं. सर्जन हसले. मास्तर हसले नाहीत.

मग मास्तरांची मापं सुरू झाली. दुसऱ्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. तिसऱ्यांची वेळ मिळायला दीड महिना गेला, तेही तेच म्हणाले. मास्तरांना वाटलं, हे जुना रिपोर्ट बघून बोलतायत, चौथ्यांना विचारू. माणूस एवढा हुशार, पण इथे मात्र माती खाल्ली. मास्तरीणबाई गप्प होत्या. ऑपरेशनच्या टेबलावरून हे परत उठलेच नाहीत तर, या धास्तीने त्यांचा जीव अर्धा झाला होता. मास्तर "थांबू जरा" म्हणाले की त्यांना हायसं वाटायचं.

पाच महिन्यांनी मास्तरांना जिना चढवेना. छातीत पाणी झालं होतं आणि पाण्यात कॅन्सरच्या पेशी होत्या, म्हणजे रोग पसरला होता. सर्जन म्हणाले, "आता सलाईनमधून औषधं देऊ. गाठीच्या तपासणीत गोळ्या लागू पडतील असं दिसलं, तर गोळ्याही चालतील. रोग दबेल, जाणार नाही."

"मग कापा की आता," मास्तर म्हणाले आणि सदऱ्याची बटणं काढू लागले.

"आता कापून उपयोग नाही, मास्तर."

संध्याकाळी लेक आली. रडून झाल्यावर तिचा पारा चढला. "एवढे दिवस घालवलेत! घरात कुणी सांगणारं नव्हतं का, बाबा?"

"तुझी आई रोज सांगत होती," मास्तर म्हणाले. "डोकं खाल्लं माझं. मीच ऐकलं नाही."

मास्तरीणबाईंनी एकदाही सांगितलं नव्हतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो दम लागून भिंतीला टेकला होता. लेकीने जवळ येऊन आईचा हात धरला, आणि मास्तरीणबाईंनी तो धरू दिला.